गावापुरती मोकळीक

शर्यतीचे छापील नियम मोडले तर दंड होतो. न छापलेले मोडले तर दंड वगैरे काही नाही, माणूसच संपतो. हे मला कुणी शिकवायला नको. रोशमालमध्ये कॅफे एकच, तो मी चालवते, आणि आमच्या गिऱ्हाइकांना सायकल सोडून दुसरा विषय नाही. हवामानावर बोलतात तेही खिंडीत वारा कुठला आहे एवढ्यापुरतं.

न छापलेल्या नियमांतला एक असा. शर्यत एखाद्या सायकलवाल्याच्या गावातून जाणार असेल, तर घोळका त्याला गाव जवळ आलं की पुढे सोडतो. त्याने पुढे यायचं, गावात उतरायचं, घरच्यांचे मुके घ्यायचे, घोटभर काही प्यायचं, आणि मागून घोळका आला की गुमान शेपटीला जाऊन मिळायचं. तेवढ्या वेळात मागचे वेग वाढवत नाहीत. आणि पुढे सोडलेल्याने त्या मोकळिकीचा फायदा उठवायचा नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

यंदा जूनमधली आठवडाभराची शर्यत आमच्या गावातून जाणार होती, आणि माझा धाकटा भाऊ गास्पार तिच्यात होता. तेहतीस वर्षांचा, दोनदा मोडलेला खांदा, आणि इतकी वर्षं काम एकच: दुसऱ्यांसाठी वारा अंगावर घ्यायचा आणि पाण्याच्या बाटल्या वाहायच्या. शर्यतीच्या आधी त्याचा फोन आला.

"ताई, दलमासने सांगितलंय," तो म्हणाला. दलमास म्हणजे त्याच्या संघाचा मालक. "ही शर्यत पुरी केलीस तर आणखी एक वर्ष ठेवतो. जिंकायची नाही, नंबर काढायचा नाही. रोज ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचं, बस्स."

"आणि नाही पोचलास तर?"

"तर मग काय. घरी."

घरी म्हणजे कुठे, हे आम्ही दोघेही बोललो नाही. इथली लाकडाची गिरणी बंद पडली, शाळा बंद पडली, टपालवाला आठवड्यातून दोनदा येतो. गास्पारला सायकलशिवाय काही येत नाही. मी त्याची बहीण आहे, मी हे बोलू शकते.

आता आमचे बाबा, लेओन्स. गिरणीत जन्म काढला आणि रविवारी जत्रांतल्या सायकल शर्यतींत उतरले. आमच्या डोक्यावर लुबातची खिंड आहे, तिच्यावर ते जन्मभर दुसरे पोचले. कधी शेजारच्या गावचा पुढे, कधी कुणी पाहुणा पुढे, पण हे दुसरेच. आता कमरेतून गेलेत, काठी घेऊन कॅफेच्या दारात बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल शिकवतात. जिभेला हाड नाही.

शर्यत गावातून जायच्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर होतं. बाबांची खुर्ची मी कारंज्यापाशी, सावलीत मांडली होती. दुपारी गास्पार वळणावरून एकटा आला तेव्हा लोकांनी असा गिल्ला केला की मला रडूच फुटलं. किती वाळला होता! गालफडं बसलेली, ओठांवर मीठ साचलेलं.

त्याने सायकल कारंज्याला टेकवली, शिरस्त्राण काढलं, माझे मुके घेतले, आणि म्हणाला, "ताई, पाणी दे. पायांत काही उरलेलं नाही."

"कसं चाललंय?"

"चालतंय. आजचा दिवस वाईट आहे. पण लुबातच्या पलीकडे शेवटचा चढ आहे, तिथपर्यंत सगळे सबुरीने जाणार आहेत. योरिसने सकाळीच ठरवून टाकलंय." योरिस हा घोळक्यातला सगळ्यात जुना, बेल्जियमचा. त्याचा शब्द कुणी मोडत नाही. गास्पारला पुढे सोडलं होतं तेही त्यानेच.

मग तो बाबांपुढे वाकला. बाबांनी गाल पुढे केलाच नाही.

"मागचे किती लांब आहेत?"

"दोन मिनिटं असतील. बाबा, मुका तरी द्या."

"मुका? एवढी वर्षं लोकांची शेपूट धरून हिंडलास. आज स्वतःच्या दारात सगळ्यांच्या पुढे आहेस, आणि तुला माझा गाल दिसतोय? वर बघ. खिंड आहे ती. जा."

गास्पार हसला. "बाबा, असं नसतं करायचं. तुम्हीच तर..."

"मी काय? मी दुसरा! तूही दुसराच राहा. घराण्याची रीतच आहे आपली."

"बाबा, गप्प बसा हो," मी म्हटलं. "त्याला पाणी पिऊ द्या."

"तू तुझी कॉफी वीक."

इथपर्यंत सगळं नेहमीचंच होतं. मी शपथेवर सांगते, गास्पार कुठेही निघालेला नव्हता. शिरस्त्राण कारंज्याच्या कठड्यावर होतं आणि तो दुसरी बाटली तोंडाला लावत होता. पण बाबांनी काठी टाकली. खुर्चीचे हात धरून उठले आणि त्याच्या दंडाला धरून उभे राहिले. 

"मी मरायच्या आधी एकदा," ते म्हणाले. "आपल्या नावाचा एक माणूस वर पहिला जाऊ दे. दुसरं काही मागत नाही तुझ्याकडे."

आजूबाजूच्यांनी ते ऐकलं. आणि मग गावच चेकाळलं. "जा, गास्पार! अरे जा!" पाववाल्याची बायको ओरडत होती, पाद्रीबाबा ओरडत होते. ज्यांना नियम आईच्या दुधाबरोबर पाजलेला, ते सगळे. गास्पारने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं, दोनदा म्हटलं. मग त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी आम्ही आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

त्याने शिरस्त्राण घातलं आणि तो गेला.

जरा वेळाने घोळका आला, रमतगमत, गप्पा मारत. योरिस पुढेच होता. गास्पारला शोधत त्याने कारंज्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. त्याचा चेहरा बदलताना मी पाहिला. तो पेडलवर उभा राहिला, आणि मागची सगळी माळ सळकन ताणली गेली.

बाकीचं आम्ही कॅफेत टीव्हीवर बघितलं. संघाच्या गाडीतून हुकूम येतात ते कानातलं यंत्र गास्पारने काढून टाकलं होतं, म्हणजे दलमास त्यात बोंबलत असणार. लुबातवर तो पहिला पोचला. कॅफेत लोक टेबलांवर चढले, बाबांनी सगळ्यांना पास्तिस, आमची बडीशेपेची दारू, पाजली. टीव्हीवरचा निवेदक आधी चुकचुकला, मग त्याने विषयच बदलला. उतारावर घोळक्याने गास्पारला गाठलं. योरिस त्याच्या शेजारी आला, काहीतरी थोडक्यात बोलला आणि पुढे गेला. काय बोलला ते गास्पारने मला नंतर सांगितलं. "बापाला भेटलास ना? आता त्याच्याकडेच राहा."

मला कॅफेत बसवेना. मी गाडी काढली, जंगलातल्या वाटेने शेवटच्या चढाच्या मधल्या वळणावर गेले.

दमलेले सायकलवाले अशा दिवशी मागे एकत्र येतात. वेळेच्या आत पोचण्यापुरता वेग कुणीतरी जुना माणूस ठरवतो, बाकीचे पाळीपाळीने वारा खातात, एकमेकांना पाणी देतात. त्या घोळक्यात कुणी कुणाचा वैरी नसतो. त्याच्या आधाराने गास्पार इतकी वर्षं घरी पोचला होता. पण आज त्याच्यामुळे लुबातवर सगळ्यांची पळापळ झाली, आणि त्या पळापळीत ज्यांचा जीव मेटाकुटीला आला ते हेच होते, त्याच्याच जातीचे, बाटल्या वाहणारे.

पुढचे गेले. मधले गेले. मग तो शेवटचा घोळका आला, आणि त्याच्या मागे थोड्या अंतरावर गास्पार, एकटा. माझ्यासमोर त्याने दातओठ खाऊन ते अंतर कमी केलं. अगदी चाकाला चाक लागेल इतका जवळ गेला. तेव्हा घोळक्यातल्या एकाने मागे वळून बघितलं, शीळ घातली, आणि सगळे उठून वेगाने निघाले. तो पुन्हा मागे पडला. वळणाच्या वर त्याने पुन्हा गाठलं. पुन्हा शीळ. ते स्वतः मरायला टेकलेले होते, तरी त्याला टाकायला त्यांच्या पायांत बळ येत होतं. मला त्यांना दगड मारावेसे वाटले. पण ते चुकत होते असं मला अजूनही म्हणता येत नाही.

"गास्पार, जा! थोडंच राहिलंय!" मी ओरडले. थोडं राहिलेलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि आपण कुठे आहोत हे त्या क्षणी त्याला ठाऊक नसावं. त्याच्या मागे राहिलेल्यांना गोळा करणारी गाडी होती, दोन्ही दारं उघडी ठेवून सावकाश येत होती. तिच्यात तो बसला नाही. पेडल मारत वर पोचला, पण तोवर वेळ संपून गेली होती आणि कामगार शेवटच्या रेषेवरची कमान उतरवत होते.

संध्याकाळी संघाची गाडी कॅफेपाशी थांबली. दलमास उतरला नाही. गास्पारने आपली बॅग काढली, दार लावलं, गाडी गेली. त्यात समजायचं ते मी समजले.

मी अळंब्यांचं ऑम्लेट केलं होतं. आम्ही तिघेच टेबलाशी. गिऱ्हाइकांनी बाबांच्या कानावर सगळं घातलेलं होतं आणि ते एकाएकी फार म्हातारे दिसत होते. पावाचा तुकडा हातात धरून त्यांनी विचारलं, "मी म्हटलं म्हणून गेलास का तू?"

बाबा घाबरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

गास्पारने घास गिळला. "नाही हो. माझं सकाळपासूनच ठरलं होतं. तुम्ही नसता बोललात तरी गेलोच असतो."

मी तोंड उघडलं. गास्पारने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ते मिटलं.

बाबांनी एक लांब श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी चीज पुढे ओढलं, चाकूने जाड काप काढला, चावला. आणि मग आवाज चढला.

"मग मूर्खच आहेस तू! गावचा पोरगा म्हणून पुढे सोडलं त्यांनी तुला, आणि तू त्यांनाच फसवलंस? सायकलवर बसवलं तेव्हा पहिली गोष्ट काय शिकवली होती मी तुला?"

"हीच," गास्पार म्हणाला. "चुकलं माझं, बाबा."

बाबांनी ग्लास पुढे केला. गास्पारने त्यात वाइन ओतली.

तेव्हापासून बाबा दारात बसून गिऱ्हाइकांना तेच सांगतात. "मला विचारलं असतं तर जाऊच दिलं नसतं." आणि त्या दिवशी कारंज्यापाशी ज्यांनी बोंबलून घसे बसवून घेतले होते, तेच माना डोलावतात. गास्पार समोरच बसलेला असतो.