शुक्रवारची तोंडी परीक्षा

आमच्या विरंगुळा केंद्राच्या फळ्यावर जो कोणी आठवड्याचे कार्यक्रम लिहितो, त्याचं अक्षर फार वाईट आहे. चौतीस वर्षं मी पहिलीच्या वर्गाला शिकवलं. असलं अक्षर दिसलं की माझा हात अजून डस्टर शोधतो. त्या सोमवारी फळ्यावर मंगळवारी जुनी गाणी, बुधवारी खुर्चीवर बसून व्यायाम आणि गुरुवारी महिन्याचे वाढदिवस असं लिहिलं होतं. त्याखाली लाल खडूने एक सूचना होती. सत्तरीच्या पुढच्या सर्व सभासदांची स्मरणशक्ती याच आठवड्यात तपासली जाणार होती, आणि जे त्यात पास होणार नाहीत त्यांचं सभासदत्व पुढे चालू राहणार नव्हतं. मी ते दोनदा वाचलं.

आमचे हे बसचे ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं बस चालवली, एक साधा ओरखडासुद्धा नाही. केंद्रात सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणतात आणि मला बाई. हे पहिल्यापासून थट्टेखोर, आणि तिथेच माझा घात झाला. दोन वर्षांपूर्वी एकदा मोरीचं दार उघडून त्यांनी मला विचारलं, हा कुठला स्टॉप. मी पोट धरून हसले. त्यानंतरचं वर्षभर मी सगळं थट्टेवारीच नेत राहिले. कपाटात ठेवलेलं दूध, उलटा घातलेला सदरा, माझ्या मेलेल्या सासऱ्यांची चौकशी, सगळं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मला त्यांचाच राग आला.

केंद्राचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी एक आजोबा वर्तमानपत्र वाचता वाचता उठले आणि फाटकातून बाहेर गेले. सापडले तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हा उशीर झाला होता. केंद्रात नर्स नाही, आया नाही. एक व्यवस्थापक ताई आहेत, चहा करणाऱ्या मावशी आहेत आणि एक डुगडुगणारं फाटक आहे. आपलं आपण करणाऱ्या म्हाताऱ्यांसाठीच ती जागा आहे. हे मला पटत होतं, तरीही मी मनातल्या मनात त्या मेलेल्या आजोबांना शिव्या घातल्या.

कारण केंद्र दहा ते दोन चालायचं. त्या चार तासांत हे कॅरम खेळायचे. डोक्यातलं सगळं गळून गेलं असलं तरी बोटांतलं काही गेलं नव्हतं. स्ट्रायकर हातात आला की हे तेच जुने. पुढच्या शनिवारी वार्षिक स्पर्धेची अंतिम फेरी होती आणि ह्यांचं नाव तिच्यात होतं. मी ह्यांना टेबलाशी बसवायची, घरी यायची, दाराला आतून कडी लावायची आणि झोपायची. रात्री झोप नव्हतीच. पहाट व्हायच्या आतच हे ड्युटीवर जायला निघायचे आणि बसच्या किल्ल्या मागायचे. मुलगा फोनवरून सांगायचा, आई, कोणीतरी ठेव. दोघी ठेवून झाल्या. दुसरी आठ दिवसांत गेली. ह्यांनी तिला तिकीट काढलं नाही म्हणून घरातून उतरवलं.

तर ते चार तास. ते गेले असते तर मी ह्यांचा गळा दाबला असता की स्वतःचा, मला माहीत नाही. मी पूर्वी अशी नव्हते. पण तेव्हा मला हेच वाटत होतं, तर दुसरं काय लिहू?

तपासणी सभासद क्रमांकाप्रमाणे होती. सोमवारी पहिलाच नंबर आमच्या कॅशियरचा. ते बँकेतून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, ह्यांचे कॅरममधले भिडू. वाचनालयाच्या खोलीतून ते बाहेर आले तसा सगळ्यांनी त्यांना गराडा घातला. काय विचारलं, अवघड होतं का, किती वेळ लागला. सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं, पण तोंडी परीक्षेच्या दारात उभी असलेली पोरंच जणू. कॅशियरनेही ऐटीत एकेक प्रश्न सांगितला. आज वार कोणता, महिना कोणता. वर्तुळ काढून घड्याळ करा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मग तीन शब्द सांगतात, चप्पल, लिंबू, खिडकी, आणि पाच मिनिटांनी ते परत विचारतात. सगळ्यांना तेच शब्द आहेत, कागदावर छापलेले आहेत, मी उलटे वाचले, असंही म्हणाले. मी गाण्यांच्या कागदाच्या मागे सगळं उतरवून घेतलं. ह्यांचा नंबर शुक्रवारी होता. चार दिवस हातात होते आणि आयुष्यभर मी दुसरं केलं तरी काय होतं? नापास होणं ज्यांच्या पाचवीला पुजलेलं असं घरचे समजायचे, अशी पोरं मी वर ढकलली होती.

त्याच दुपारी मी ह्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि माझा शाळेतला जुना चष्मा लावला. वाटी पालथी घालून वर्तुळ काढायला शिकवलं. छोटा काटा अकराकडे, मोठा दोनकडे. हाताला वळण लागलं की डोकं लागत नाही हे मला ठाऊक होतं, तेच घड्याळ मी त्यांच्याकडून साठ-सत्तर वेळा काढून घेतलं. वाराचं दररोज सकाळी घोकून घ्यायचं ठरवलं. शब्दांसाठी टेबलावर एक चप्पल ठेवली, एक लिंबू ठेवलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. शेजारीण मीठ मागायला आली ती टेबलावरची चप्पल बघून मीठ न घेताच गेली.

मंगळवारी हे सुधारले. निदान मला तसं वाटलं. उत्तर द्यायचं झालं की उठून उभे राहायला लागले. हात मागे, पाय जुळवलेले. उत्तर येत असलं की बोट वर करायचे. मी म्हटलं, थट्टा सुचतेय म्हणजे डोकं चालतंय. दुपारी तर त्यांनी करंगळी वर करून माझ्याकडे पाहिलं, जाऊ का म्हणून. कित्येक आठवड्यांनी मी हसले. म्हटलं, जा, पण लवकर ये. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, मी ह्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. पण तो खेळातला खेळ होता आणि मीही खेळले.

बुधवारी लिंबू अडलं. चप्पल यायची, खिडकी यायची, मधलं लिंबू गळायचं. समोर ठेवलं की यायचं, झाकलं की जायचं. मी गोडीने सांगून पाहिलं. मी गाणं करून पाहिलं. सरबताची आठवण दिली, लोणच्याची दिली. दुपारी चारपासून सहापर्यंत तेच. शेवटी हे म्हणाले, घरी कधी सोडणार? हा त्यांचा रोजचाच प्रश्न. रोज मी म्हणते, अहो, घरीच आहोत आपण. त्या दिवशी मी म्हटलं, आधी शब्द सांग, मग घरी. ते म्हणाले, चप्पल, आणि गप्प झाले. मी त्यांच्या गालावर मारली.

माझ्या काळात शाळेत मारायची पद्धत होती. मी पट्टी मारलेली आहे, खोटं कशाला सांगू. पण ती हातावर, आणि मोजून. ही थप्पड मी मोजली नव्हती. हे रडले नाहीत, रागावले नाहीत. मान खाली घालून टेबलावरच्या चपलेकडे बघत बसले. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. बाहेर येऊन माफी मागितली तर हे नुसतेच हो म्हणाले.

गुरुवारी सकाळी पुन्हा लिंबू राहिलं, आणि ह्यांनी आपण होऊन हात पुढे केला. तळवा वर, बोटं सरळ, डोळे मिटलेले. मी काय करणार होते? टेबलावरचं लिंबू उचलून त्या तळव्यावर ठेवलं आणि त्यांची बोटं मिटवली. त्यांनी डोळे उघडून पाहिलं. त्यानंतर ते लिंबू त्यांनी खिशात ठेवलं आणि त्यानंतर तो शब्द एकदाही चुकला नाही. दुपारी केंद्रात वाढदिवस होते. सगळे गोल बसून टाळ्या वाजवत होते, हेही वाजवत होते, इतरांच्या थोड्या मागून. ताईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ड्रायव्हरसाहेब बरे आहेत ना? मी म्हटलं, त्यांना काय धाड भरलीय. मग ह्यांनी कॅरमवर एका फटक्यात राणी घेतली, कॅशियर ओरडले, आणि मला खरंच वाटलं की आपण यातून तरून जाऊ.

शुक्रवारी मी ह्यांना इस्त्रीचा सदरा घातला. वाचनालयाच्या खोलीत डॉक्टर बसल्या होत्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. घरच्या माणसाला मागे बसायची परवानगी होती. मी पुस्तकांच्या कपाटाला टेकून बसले, जीव मुठीत धरून. वार विचारला, शुक्रवार. महिना बरोबर. घड्याळ ह्यांनी एका झटक्यात काढलं, छोटा काटा अकराकडे, मोठा दोनकडे, डॉक्टरांनी अजून वेळ सांगितलीच नव्हती. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, आता मी तुम्हाला तीन शब्द सांगणार आहे.

हे उठून उभे राहिले. हात मागे बांधले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चप्पल, लिंबू, खिडकी."

डॉक्टरांना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. त्यांनी ह्यांना बसायला सांगितलं, पेनाला टोपण लावलं, कागद बाजूला सारला. मी तोंड उघडून काहीतरी सांगणार होते, कॅशियरचं नाव घेणार होते, काहीही. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या ह्यांच्याशी अगदी साध्या आवाजात बोलल्या.

"आज तुमच्याबरोबर कोण आलंय?"

हा प्रश्न कॅशियरच्या यादीत नव्हता. कॅशियर एकटे आले होते, त्यांना कोण विचारणार? ह्यांनी मागे वळून मला नीट पाहिलं आणि डॉक्टरांकडे थोडं झुकून आवाज खाली आणला.

"शाळेतल्या बाई आहेत. तशा चांगल्या आहेत. चुकलं की मारतात."

"आणि घरी कोण असतं?"

"बायको." ह्यांचा चेहरा इतका उजळलेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. "वाट बघत असेल हो ती. चार दिवस झाले, ह्या मला घरी सोडतच नाहीत."

मग त्यांना माझा चेहरा दिसला. आपलं उत्तर चुकलं असं त्यांना वाटलं असणार. ते खुर्चीतून उठले, माझ्यापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. तळवा वर, बोटं सरळ.

पुढचं डॉक्टर खूप समजुतीने बोलल्या. शब्द पाठ केले नसते तरी मला हेच लिहावं लागलं असतं, म्हणाल्या. मला एक शब्दही लागट बोलल्या नाहीत. अशा माणसांना दिवसभर सांभाळणाऱ्या एका संस्थेचा पत्ता दिला आणि तिथे जागा मिळायला आठ महिने थांबावं लागतं हेही सांगितलं. ताईंचे डोळे भरले, पण त्यांनी रजिस्टरमध्ये ह्यांच्या नावावर रेघ मारली. अंतिम फेरीत ह्यांच्या जागी कोण, अशी कुजबुज मागे चालली होती. कॅशियर दारापर्यंत आले आणि माझ्याकडे न बघता ह्यांच्या पाठीवरून हात फिरवून परत गेले.

घर दोन गल्ल्या सोडून आहे. एरवी हे माझा हात धरतात, त्या दिवशी दोन पावलं मागून चालले. कोपऱ्यावर त्यांनी विचारलं, "बाई, आता घरी?"

"हो," मी म्हटलं. "शाळा सुटली."

त्यावर ते माझ्यापुढे गेले. रस्ता त्यांना बरोबर आठवला, वळणही आठवलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना न थांबता चढले. दारासमोर उभं राहून त्यांनी हाताने केस नीट केले, सदऱ्याची कॉलर ओढली, खिशातलं लिंबू काढून हातात घेतलं, बहुतेक तिला द्यायला. मग बेल दाबली.

आत बेल वाजली. मला ती बाहेरून कधी ऐकायची वेळच आली नव्हती. आम्ही दोघं थांबलो. कोणी आलं नाही.

"झोपली असेल," त्यांनी मला समजावलं. "दुपारची झोपते ती. फार दमते."

त्यांनी पुन्हा बेल दाबली आणि दाराकडे बघत हसतमुखाने उभे राहिले. किल्ली माझ्या हातात होती. मी ती लावली नाही. दार उघडलं की आत कोणी नाही हे त्यांना दिसलं असतं.