बोळकी ओळ

अंगठेबाई हे नाव ऐकून नवख्या माणसाला वाटायचं, या बाई सही म्हणून अंगठा उठवत असणार. कसलं काय! बाई चांगल्या डॉक्टरेट, आणि तीही गुणसूत्रांतली. नाव पडलं ते उजव्या अंगठ्याच्या कसबामुळे. काचपट्टीवर जवाच्या पेशी ठेवायच्या, त्यावर पातळ काच, त्यावर टिपकागद, आणि मग अंगठ्याने असा दाब द्यायचा की पेशी पसरतील पण काच केसभरही सरकणार नाही. सरकली की सगळा चिखल. हे काम संस्थेत बरेच जण करत, पण बाईंच्या अंगठ्याखालून निघालेली गुणसूत्रं अशी सुटी सुटी दिसत की बोट ठेवून मोजावीत.

अशा बाईंवर सरांनी भर बैठकीत भेसळीचा आळ घेतला.

झालं होतं असं. बाईंनी जवाच्या बियांवर क्ष-किरण सोडून त्या वाफ्यात पेरल्या होत्या. किरणांनी काय काय मोडतं, काय नवीन निघतं ते बघायचं, हाच संस्थेचा उद्योग. त्यातून एक ओळ निघाली तीच मुळी विचित्र. तिच्यातल्या बऱ्याच झाडांच्या ओंब्यांत मधले मधले दाणेच नाहीत. दोन दाणे, एक रिकामी जागा, पुन्हा तीन दाणे, पुन्हा रिकामी. वाफे सांभाळणाऱ्या माळीकाकांनी तिचं नाव ठेवलं बोळकी. अशा झाडांचं बी पेरलं की पुढच्या वर्षी काही झाडं भरल्या ओंब्यांची, काही पुन्हा बोळकी. दर वर्षी तेच.

बाईंचं म्हणणं असं की किरणांनी दोन गुणसूत्रं तुटली आणि तुटके तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन चिकटले. सरांचं म्हणणं वेगळं. सर म्हणजे संस्थेचे प्रमुख. माणूस वाईट नव्हते हो, पण एकदा तोंडातून शब्द गेला की तो मागे घेणं त्यांना ठाऊकच नाही. "बाई," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या बियांत रानटी जव मिसळलाय. संकराच्या झाडाला दाणा धरत नाही, हे पोरासोरांनाही कळतं. बी ठेवताना डोकं ठिकाणावर ठेवलं असतंत, तर संस्थेची अशी शोभा झाली नसती. सोमवारी दुपारी त्या ओळीवर नांगर फिरवा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बी राखणाऱ्या माणसाला भेसळखोर म्हणायचं, म्हणजे त्याने आजवर केलेलं सगळंच खोटं ठरवायचं. एक ओळ भेसळीची निघाली की बाकीच्या ओळींवर तरी कोण भरवसा ठेवणार? पण बाई मूग गिळून बसल्या, कारण हातात पुरावा नव्हता.

आणि पुरावा नव्हता, त्यात चूक त्यांचीच होती. बाईंची हयात मुळांच्या टोकांत गेली. मुळाच्या टोकाला पेशी सतत फुटत असतात, आज घ्या, उद्या घ्या, काही बिघडत नाही. पण मुळांच्या टोकांत बघून इथे उपयोग नव्हता. गुणसूत्रं मोजली तर चौदाच्या चौदा, आणि तुकड्यांची अदलाबदल कळणार कशी? ती कळते पराग तयार होताना, गुणसूत्रं जोडीजोडीने जवळ येतात तेव्हा. रानटी जवाचा संकर असेल तर त्या वेळी बरीच गुणसूत्रं जोडीदाराविना सुटीच राहतात. म्हणून बाईंनी ओंब्या पानाबाहेर डोकावल्या त्याच दिवशी खुडल्या आणि मोठ्या आशेने मायक्रोस्कोपखाली धरल्या. सगळीकडे गोल गोल तयार पराग! ओंबी पोटरीतून, म्हणजे पानाच्या फुगीर गुंडाळीतून, बाहेर येते, तोवर जोड्यांचा कार्यक्रम केव्हाच आटोपलेला असतो. हे बाईंनी पुस्तकात वाचलं होतं, शिकवलंही होतं, पण हाताला सवय मुळांची. मुळं कधी कुणासाठी खोळंबत नाहीत की कुणाला चुकवत नाहीत. आता पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं, आणि पुढच्या वर्षी ओळच नसणार.

रविवारी बाईंनी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. सासूबाई जन्मभर शिवणकाम केलेल्या, अजूनही मशीनवर बसल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे.

"तुकड्यांची अदलाबदल म्हणजे नक्की काय गं?" त्यांनी दोरा ओवत विचारलं.

"आई, समजा दोन वेगवेगळे सदरे शिवायला घेतले आणि एकाची बाही दुसऱ्याला लागली. झाडाचं तसं झालंय. आईबापांपैकी एकाकडून सरळ सदरे आलेत, दुसऱ्याकडून बाह्या बदललेले. मग जुळवणी करताना ते चारही सदरे एकमेकांना धरून बसतात. गोल कडं होतं त्यांचं. आणि वेगळे होताना कुणाला एकाच सदऱ्याच्या दोन बाह्या, दुसऱ्याची एकही नाही. तसला पराग मरतो, मग दाणा कुठून धरणार?"

"मग ते कडं दाखव की त्याला!"

"वेळ गेली आई. मीच घालवली."

सासूबाईंनी मशीन थांबवलं. "त्या तुझ्या साहेबाला मी येऊन भेटू का? एकदा चांगली खरडपट्टी काढते मेल्याची."

"नको हो," म्हणून बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. सासूबाई सुनेच्या पाठीवर नुसता हात ठेवून बसल्या.

सोमवारी सकाळी बाई थेट वाफ्यावर गेल्या. ओळ जायची ती जाणार, निदान चार ओंब्या तरी वेचून ठेवाव्यात, एवढाच विचार. बाकीचे सगळे वाफे कसे एका उंचीचे, नीटनेटके. बोळकी मात्र पिंजारलेली. पिवळ्या पडत चाललेल्या ताटांच्या बुडातून हिरवेगार फुटवे उशिरा वर आलेले.

"काका, हिची ही काय दशा?" बाईंनी विचारलं.

"फुटवे छाटले नाहीत," माळीकाका म्हणाले. "तपासणीच्या आधी दर साल छाटतो, ओळ एकसारखी दिसावी म्हणून. पण हिच्यावर नांगरच फिरायचाय. जाणाऱ्याची हजामत कशाला करत बसू?"

बाई जागच्या जागी थबकल्या. मग मटकन खाली बसल्या आणि एका हिरव्या फुटव्याच्या पोटरीवरून बोटं फिरवली. आत मऊ, फुगीर, लपलेली ओंबी! बाहेर यायची होती अजून. आणि त्याच झाडाच्या म्होरक्या ताटावर दाण्यांमधल्या रिकाम्या जागा लख्ख दिसत होत्या. झाड बोळकं आहे हे तर उघडच, आणि वेळही शिल्लक!

"काका, मी येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू कराल तर बघा!"

"दुपारी सुरू करीन. साहेबांचा हुकूम आहे, बाई."

दुपार म्हणजे हातात फक्त सकाळ. बाई फुटवे घेऊन पळतच प्रयोगशाळेत आल्या. पान उकललं, ओंबी काढली. ओंबीचा मधला भाग पुढे असतो, टोकं मागे. मधले परागकोश पिवळट, ते गेले. टोकाकडचे फारच कोवळे. त्यांच्यामधले घेतले, हिरवट आणि काचेसारखे पारदर्शक. रंगाचा थेंब टाकला, गंजक्या सुईने ढवळला, म्हणजे रंग चांगला चढतो. स्पिरिटच्या दिव्यावर पट्टी जराशी शेकली. टिपकागद, आणि अंगठा.

पहिली काच सरकली. बाईंचा अंगठा, आणि काच सरकली! त्यांनी स्वतःला एक शिवी हासडली, हात पुसले आणि दुसरी घेतली.

दुसरीत दिसलं. पाच जोड्या बाजूला, आणि मध्ये चार गुणसूत्रांचं एक कडं, गोल, गडद, एकमेकांना घट्ट धरलेलं.

"अहो, या! या सगळे! सरांना बोलवा!" बाई अशा ओरडल्या की शेजारच्या खोलीतली माणसं आग लागली समजून धावत आली.

सर आले. वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मग म्हणाले, "एका झाडात दिसलं म्हणजे काय झालं?"

"मग तुम्हीच तोडून आणा. बोळक्या झाडाचाही आणा, आणि भरल्या ओंबीच्या झाडाचाही."

सर खरंच गेले हो, ऑफिसचे बूट चिखलात बुडवत. दोन्ही फुटवे स्वतः तोडून आणले. बाईंनी त्यांच्या डोळ्यांदेखत पट्ट्या केल्या. या खेपेला अंगठा जराही हलला नाही. भरल्या झाडात सातही जोड्या शहाण्यासारख्या जोडीजोडीने. बोळक्यात पुन्हा पाच जोड्या आणि ते कडं. सरांनी पेशीमागून पेशी पाहिली. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

"भेसळ नव्हती, बाई," सर मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता पुटपुटले.

इतक्या वर्षांत बाई सरांना कधी उलट बोलल्या नव्हत्या. आज मात्र त्या सरळ उभ्या राहिल्या.

"मोठ्याने म्हणा, सर. आळ सगळ्यांसमोर घेतला होतात."

सरांनी मान वर केली. चेहरा लालबुंद झालेला. वाटलं, आता भडकणार. पण ते खिडकीशी गेले, दोन्ही दारं उघडली, आणि छाती भरून ओरडले, "भेसळ नव्हती! बाईंचं बी अस्सल आहे! चूक माझी होती!"

इतक्या मोठ्याने ओरडले की वाफ्यावर माळीकाकांनी ट्रॅक्टर बंद केला.