डाव्या हाताचा भाला

शिला आडे परदेशात भाला फेकून घरी आली की तांड्यावरच्या सगळ्यांच्या वतीनं तिची याडी, म्हणजे आई, पारुबाई एकच प्रश्न विचारायची.

"एवढ्या लांब इमानानं जायचं, भाला फेकायचा, आन् पुन्यांदा तोच उचलून घरी आणायचा. मंग फेकायचा काहून?"

दोहा झालं, जकार्ता झालं, बँकॉकला तर आशियाई स्पर्धेत शिला तिसरी आली आणि कांस्यपदक घेऊन आली. आईनं ते पदक हातात तोलून पाहिलं, "पितळंचं हाय व्हय?" म्हणाली आणि धान्याच्या कोठीवर ठेवून दिलं.

मग एका सराव शिबिरात उजव्या खांद्यातून वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. पुण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "या हातानं लिहा, जेवा, लोकांना टाटा करा. फेकायचं मात्र काही नाही. चेंडूसुद्धा नाही."

शिला साखरा गावाजवळच्या एका आश्रमशाळेत क्रीडाशिक्षिका झाली. पोरींना ती शिट्टीनं शिकवायची, शिट्टीनं रागवायची आणि स्वतः हाताची घडी घालून उभी राहायची. भाल्याला तिनं हात लावणंच सोडलं होतं. पोरी म्हणायच्या, म्याडम हसत न्हाईत. ते खरंच होतं.

तिच्या पोरींत राणी नावाची अकरावीतली पोरगी होती. अंगानं दणकट, तोंडानं त्याहून दणकट आणि डाव्या हाताची. शिलाला सगळं उजव्या हाताचं ठाऊक. ती "डावा पाय रोव" म्हणाली की राणी डावा पाय रोवायची आणि स्वतःभोवती गिरकी घेऊन बसकण मारायची.

"म्याडम, माझं समदं उलटं हाय," राणी एक दिवस मातीतून उठत म्हणाली. "तुमी एकदा डाव्या हातानं फेकून दाखवा, मंग कळंल माझी तकलीफ."

शिलानं शिट्टी गळ्यातून काढली, बांबूचा भाला डाव्या हातात घेतला आणि धावली. धावताना पायांना काही पत्ताच लागेना. डावा म्हणाला मी आधी, उजवा म्हणाला मी. भाला सुटला तो समोर न जाता थेट बाजूला गेला आणि मुख्याध्यापक शेषराव सरांच्या मोटारसायकलच्या सीटमध्ये उभा रुतला. नशीब, सर तेव्हा ऑफिसात होते.

सर बाहेर आले. भाल्याकडे पाहिलं, शिलाकडे पाहिलं. कुणाला रागवावं हे त्यांना ठरवता येईना.

"म्याडम," ते शेवटी म्हणाले, "भोक तर इंटरनॅशनल पडलंय."

पोरी हसायला लागल्या. शिलालाही हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. ती खाली बसून पोट धरून हसली. सर घाबरून पाणी आणायला गेले.

त्या दिवसापासून शाळा सुटली की मैदानावर उलटाच कारभार सुरू झाला. शिला फेकायची आणि राणी शिट्टी गळ्यात घालून ओरडायची. "खांदा मागं! कोपर वर! म्याडम, झोपल्या का तुमी?" ही सगळी शिलाचीच वाक्यं होती. ऐकताना तिला कळलं की आपण शिकवताना फार वंगाळ बोलतो. पण भाला हळूहळू समोर जायला लागला, आणि बारा वर्षांची असताना पहिल्यांदा तो नोकेवर, म्हणजे टोकावर, रुतला तेव्हा जसं वाटलं होतं, तसंच तिला परत वाटायला लागलं. राणीचाही हात सुधारला, कारण आता म्याडमला तिची भाषा कळत होती.

हिंगोलीला जिल्ह्याची खुली स्पर्धा आली तेव्हा शिलानं दोघींची नावं दिली.

"म्याडम, लोक काय म्हणतील?" शेषराव सरांनी विचारलं.

"म्हणू द्या की."

मैदानावर तिचं नाव पुकारलं आणि माईकवाल्याच्या आवाजाला धार आली. "और अब आ रही हैं, हमारे हिंगोली की शान, आंतरराष्ट्रीय भालाफेकपटू..." पुढचं टाळ्यांत बुडालं. प्रमुख पाहुणे तातेराव शाल हातात घेऊन खुर्चीतून उठलेच. मोजमाप करणारे पंच टेप घेऊन मागं सरकले. मग आणखी मागं. पार कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. तिकडं लावलेल्या गाड्या लोकांनी पळत जाऊन काढल्या. एकानं शेळी ओढून नेली.

शिलाच्या लक्षात आलं की आपण आता डाव्या हातानं फेकतो, हे कुणाला सांगायचंच राहिलं. आता सांगून उपयोग नव्हता. ती धावली, उजवा पाय रोवला आणि भाला सोडला.

भाला सरळ गेला, बराबर नोकेवर रुतला. पण फार जवळ रुतला. इतका जवळ, की भाला कुठं गेला ते पंच आभाळात शोधत राहिले. मग माईकवाला म्हणाला, "भाऊ, इकडे, इकडे!" आणि दोघं पंच टेप सांभाळत, धापा टाकत एवढं मोठं मैदान ओलांडून पळत आले.

कुणी टाळी वाजवेना. तेवढ्यात राणी ओरडली, "म्याडम, नोकेवर पडला! नोकेवर!" आणि शिलानं दोन्ही हात वर करून उडी मारली. बँकॉकलाही तिनं अशी उडी मारली नव्हती.

राणी दुसरी आली. शिला पाचवी. तिच्या मागं एकच पोरगी होती, आणि तिचे सगळे फाऊल होते. तातेरावांनी आणलेली शाल शेवटी शिलालाच घातली आणि कानाशी वाकून हळूच विचारलं, "ताई, तब्येत तर बरी हाय ना?"

"एकदम झकास," शिला म्हणाली.

संध्याकाळी ती तांड्यावर पोचली तेव्हा पारुबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. शाल पाहून तिनं विचारलं, "कितवी आलीस?"

"पाचवी, याडी."

पारुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "बरं झालं. तिसरी आलीस तवा पदक ठिवून गेलीस, ती दोन वरीस घराकडं फिरकली न्हवतीस."

शिला शाल बाजूला ठेवून आईच्या शेजारी बसली, गरम भाकरी मोडून चटणीला लावली. भूक सपाटून लागली होती. दुसरी भाकरी घेताना म्हणाली, "पुढल्या महिन्यात परभणीला हाय स्पर्धा. तिथं चौथी येईन बहुतेक."

"ये," पारुबाई म्हणाली. "पर लई पुढं जाऊ नको, बाई."