शेफालीचा खर्ज

शेफालीला ऐकू येतं, यावर मार्गासनीत सगळ्यांचं एकमत होतं. एकट्या पुण्याच्या डॉक्टरीणबाई तेवढ्या वेगळं सांगत होत्या, पण त्या पडल्या शिकलेल्या. तिची आई स्नेहल, तिचा चुलत दीर हनुमंत याच्या बेंजो पार्टीचा टेम्पो दारावरून वाजत गेला की दीड वर्षांची शेफाली हातातली भाकरी टाकून बूड हलवायला लागायची. बेंजोवर नाचणारी पोर कधी बहिरी असते का?

"कानाचं मशीन म्हाताऱ्यांनी लावायचं," स्नेहलच्या सासूबाई, फुलाबाई, म्हणाल्या. "माझ्या नातीच्या कानात मी न्हाई घालू द्यायची. उद्या लगीन हाय पोरीचं."

"उद्या कुठं, आई? तिला अजून सगळे दात न्हाई आले."

"दातावाचून अडलंय का कुणाचं लगीन?"

तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी मशीन बसवायची तारीख होती. स्नेहलचा नवरा स्वरूप म्हणाला, आई हो म्हणाली तर जाऊ, न्हाई तर बघू. 'बघू' हा त्याचा आवडता शब्द. त्या एका शब्दावर त्याने अख्खा संसार रेटला होता.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं स्नेहलला नीट कळलं होतं. जाड, खालचे आवाज पोरीला ऐकू येतात, वरचे येत नाहीत. ढोल येतो, हाक येत नाही. बोलणंही धड पोचत नाही, म्हणून बोल फुटत नाहीत. पण घरातली तपासणी निराळी होती. फुलाबाई शेफालीच्या पाठीमागं जाऊन ताट फरशीवर आदळायच्या. फरशी पायाखाली हादरायची, पोर वळायची आणि फुलाबाई कोर्टात केस जिंकल्यासारख्या सुनेकडं बघायच्या.

म्हणून स्नेहलला निव्वळ सूर हवा होता. काही न आदळता खर्जातून निघून हळूहळू वर चढत जाणारा एकच सूर. तो कुठवर पोचतो आणि कुठं हरवतो, ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. भोरच्या कॉलेजात असतानाचा लॅपटॉप होता. त्यावर तिने आवाज घडवायचं एक मोफत सॉफ्टवेअर उतरवलं. पोर झोपली की ती जिन्यात बसायची, कारण रेंज तिथंच यायची. मांडीवर लॅपटॉप, कान पाळण्याकडं.

पडद्यावर खोकीच खोकी होती आणि त्यांना जोडायच्या वायरी. एका खोक्यातून सूर निघतो, दुसऱ्यातून तो लहानमोठा होतो, तिसऱ्यातून बाहेर पडतो. एवढी साधी गोष्ट कुणी सरळ सांगेल तर शपथ. 'अगदी नवशिक्यांसाठी' नावाचा व्हिडिओ लावला, तर त्यातल्या दाढीवाल्याने आधी आपली खुर्ची दाखवली, मग मांजर दाखवलं, मग सबस्क्राईब करा म्हणाला, आणि सूर निघायच्या वेळेला 'हे तर तुम्हाला माहीतच असेल' म्हणून पुढं गेला. दुसरा जो होता तो शिकवताना स्वतःच डोळे मिटून डोलायचा. शिकणाऱ्याचं काय झालं, हे बघायला डोळे उघडे कुणाचे होते?

माहेरी भोरला गेली तेव्हा ती एस. टी. स्टँडसमोरच्या माडीवर कॉम्प्युटर-म्युझिकचा क्लास चालवणाऱ्या सरांकडं चढून गेली. सरांनी गॉगल डोक्यावर सरकवला.

"मॅडम, सूर घडवत बसायचे दिवस गेले. मी पेनड्राईव्ह देतो. हळदीचे, वरातीचे, बर्थडेचे, सगळे आवाज तयार. तुमचं फंक्शन कसलं आहे?"

"फंक्शन न्हाई. मुलीचे कान बघायचेत."

"मग बर्थडेचा घ्या," सर म्हणाले.

शेवटी धडपडत तिचं तिलाच जमलं. पहिला सूर निघाला तेव्हा ती जिन्यात एकटीच हसली आणि पाळण्यापाशी जाऊन झोपलेल्या पोरीच्या कानामागचा घाम पदराने टिपला. 'बघ गं बाई,' ती पुटपुटली, 'तुझ्यापायी मी काय काय शिकते.'

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने घरच्यांना बसवलं. शेफाली गोधडीवर खेळत होती. स्नेहलने सूर अगदी खालून सुरू केला. कुणालाच काही ऐकू आलं नाही. हळूहळू वर नेला, तेव्हा लॅपटॉपमधून डासासारखी गुणगुण आली, मग शिट्टी. मोठ्यांनी माना डोलावल्या. शेफालीने मात्र कशालाच मान वळवली नाही. ती गोधडीचा दोरा ओढत राहिली.

"मशीन तुझंच बिघडलंय," फुलाबाई म्हणाल्या. "आधी त्याच्या कानाला लाव काय लावायचं ते."

स्वरूप हसला. बघू म्हणायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही.

मग स्नेहलने त्या सॉफ्टवेअरच्या जाणकारांच्या इंटरनेटवरच्या मंडळावर मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला: खालचे सूर पडद्यावर हलताना दिसतात, पण ऐकू येत नाहीत, काय करू? जाणकार तुटून पडले. एकाने लिहिलं, हा प्रश्न पूर्वी विचारून झालाय, शोधा. दुसरा म्हणाला, माझ्याकडं व्यवस्थित वाजतंय. वाजत असेल बाबा, तुझं घर तुला लखलाभ. तिसऱ्याने लॅपटॉपमधला साउंड ड्रायव्हर बदलायला सांगितलं, चौथ्याने सगळं काढून पुन्हा टाकायला. तिने ड्रायव्हर बदलला, सगळं काढलं, पुन्हा टाकलं. खर्ज मुकाच. त्याखाली पाचव्या आणि सहाव्याचं आपापसांत भांडण जुंपलं होतं, त्यात तिचा प्रश्न कधीच वाहून गेला होता. तू हा सूर कशातून ऐकते आहेस, एवढं मात्र एकानेही विचारलं नाही.

तारखेच्या दोन दिवस आधी, शनिवारी सकाळी हनुमंत अंगणात टेम्पो उभा करून स्पीकर तपासत होता. राजगड चढायला निघालेल्या पुण्याच्या पोरांच्या गाड्या रस्त्याने आपापली गाणी कोकलत चालल्या होत्या, आणि हनुमंताला त्यांना जिंकायचं होतं. शेफाली दुडुदुडु गेली आणि फडताळाएवढ्या बेसच्या खोक्याला दोन्ही तळवे आणि गाल लावून उभी राहिली. वरच्या बाजूला टॉपचे छोटे स्पीकर किंचाळत होते. तिकडं तिचं लक्षही नव्हतं.

स्नेहल धावली. पोरीला मागं ओढून कडेवर घेतलं आणि त्या खोक्याकडं बघतच राहिली. एवढा थोरला डबा लागतो खालच्या आवाजाला! आणि आपण तो काडेपेटीएवढ्या लॅपटॉपच्या स्पीकरातून काढत बसलो होतो. सूर सॉफ्टवेअरात होता, फक्त त्याला बाहेर यायला जागा नव्हती.

"भाऊजी, लॅपटॉपची पिन लागंल का ह्याला?"

"लागंल की! वैनी, काय लावताय? हळदीचं?"

"आवाज लई बारीक ठेवा. आन पोरीला लांब बसवू."

"बारीक वाजवायला बेंजो कशाला लागतो?" हनुमंत दुखावला, पण त्याने पिन लावली.

फुलाबाईंनी ओसरीवर शेफालीला मांडीवर घेतलं, टेम्पोकडं पाठ करून. स्वरूप चहाचा कप घेऊन उभा राहिला. स्नेहलने सूर सुरू केला. मंद खर्ज अंगणात पसरला, आणि शेफालीने मान वळवली. तोंड उघडलं, बूड हलवलं.

"बघ!" फुलाबाई म्हणाल्या. "म्या काय सांगत होते?"

"व्हय आई. आता बघा."

सूर वर चढला. पोर अजून डुलत होती. आणखी चढला. मग एका जागी शेफाली थांबली. तिने टेम्पोकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं, कुणी दिवा विझवल्यासारखं. सूर चालूच होता. हनुमंताला ऐकू येत होता, स्वरूपला येत होता, गोठ्यातल्या म्हशीने कान टवकारले होते. शेफाली आजीच्या बांगड्या मागंपुढं सरकवायला लागली.

"बंद पडलं का?" पोर थांबलेली बघून फुलाबाईंनी विचारलं.

"तुमाला येतोय ना ऐकू?"

फुलाबाईंनी पोरीची हनुवटी धरून तिचा चेहरा बघितला. मग म्हणाल्या, "खाली घे बरं." स्नेहलने घेतला. शेफाली वळली. "वर ने." पोर पुन्हा हरवली. फुलाबाईंनी तिच्या पाठीशी तोंड नेऊन रोजच्यासारखी हाक मारली, "शेफेऽऽ!" मान हलली नाही. मग त्यांनी घसा खरवडून जाड आवाज काढला, "शेऽफे!"

"काकू, रेडा बोलावताय का?" हनुमंत म्हणाला. पण तेवढ्यात शेफाली आजीकडं वळली होती.

"एवढे दिस मी हाका मारत होते," फुलाबाई म्हणाल्या, "ही माझं ऐकत न्हाई म्हणून दोनदा धपाटा बी घातला." त्यांनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला, जिथं घातला होता तिथंच. "सोमवारी पयली यष्टी किती वाजता हाय रं, स्वरूप?"

"बघू..." स्वरूपच्या तोंडून सवयीने निघालं.

"बघू न्हाई. आताच्या आता बघ. मी बी येणार हाय."

शेफाली मांडीवरून उतरली होती. टेम्पोकडं बोट करून ती पाय आपटत होती. स्नेहलने सूर पुन्हा खर्जात आणला. पोर तिथंच डुलायला लागली, आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलेली तिची आईही.

दुपारी जिन्यात बसून स्नेहलने जाणकारांचं मंडळ उघडलं. मधल्या काळात आणखी एकाने लिहिलं होतं, काम झालं असेल तर तसं कळवा, आमचा वेळ मोलाचा आहे. तिने लिहिलं: झालं. तुमच्यामुळे नव्हे, टेम्पोमुळे.

आणि पाळण्यातून कुरकुर आली, म्हणून लॅपटॉप मिटला.