सहा चाळीसची माणसं

मित्रांनो, मी तुमच्या मुठीत सहज मावेन. अंगानं गोल, पोटाला चार खिडक्या, डोक्यावर एक खटका आणि खाली बोट अडकवायला कडी. खटका दाबला की मी ‘टक्’ असं बोलतो आणि खिडकीतला आकडा एकानं पुढे सरकतो. मी माणसं मोजायचं एक जुनं यंत्र आहे. लोक मला ‘खटक्या’ म्हणतात. नाव काही भारदस्त नाही, पण प्रेमानं हाक मारली तर मला तेवढं पुरतं.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कोणी पत्रा कापला, कोणी चाकांना दाते पाडले, कोणी पाण्यासारखी चकचकीत झिलई चढवली. शेवटी मी चाचणीवाल्या बाईंच्या हातात आलो. त्या प्रत्येक यंत्र कानाशी धरून शंभर वेळा दाबत. डोळ्यांपेक्षा त्यांचा कानांवर भरवसा. मला दाबून झाल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “हा बोलका आहे गं!” त्याच दिवशी, त्याच साच्यातून माझा जुळा भाऊ निघाला. आम्हा दोघांना एकाच खोक्यात कापसाच्या गादीवर निजवलं.

आमची पहिली नोकरी पोहण्याच्या तलावावर. भाऊ आत जाणारे मोजायचा, मी बाहेर येणारे. संध्याकाळी दोघांचे आकडे जुळले की रखवालदार कुलूप लावायचा. एका संध्याकाळी भाऊ म्हणाला दोनशे बारा आणि मी म्हणालो दोनशे अकरा. रखवालदाराच्या तोंडचं पाणी पळालं. कपड्यांसकट त्यानं तलावात उडी घेतली, तळ चाचपला. शेवटी ती एक कमी पडलेली व्यक्ती सापडली कपडे बदलायच्या खोलीत. एक आजीबाई, उबदार पंचा पांघरून गाढ झोपलेल्या! रखवालदार रागावला नाही. तिथंच ओल्या फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. एका माणसाचं वजन किती असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढे तलाव बंद पडला आणि आम्ही मोजणी कचेरीत आलो. तिथं आम्हाला मोजणीबाई भेटल्या. बारीक अंगाच्या, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेल्या, आणि कामाला अशा चोख की त्यांनी मोजलेलं पुन्हा कोणी मोजत नसे. उजव्या हातात मी, डाव्या हातात भाऊ. पूल, बाजार, शाळा, दवाखाने, आम्ही काय काय मोजलं! साहेब म्हणायचे, “आकडा बाईंचा आहे ना? मग छापा.” त्या कौतुकानं माझी झिलई आणखीच चमकायची.

आता मी तुम्हाला दोन शहरांची गोष्ट सांगतो. एक बंदराचं शहर आणि एक टेकडीचं. दोघांत तासाभराचं अंतर, पण वैर सात पिढ्यांचं. बंदरानं उंच मनोरा बांधला की टेकडी त्याहून दोन हात उंच बांधायची. टेकडीनं बाग केली की बंदर कारंज्यासकट करायचं. आणि दोन्ही शहरांच्या वेशीवर एकच पाटी: ‘सर्वांत मोठ्या शहरात आपले स्वागत आहे.’

दोघांच्या मधोमध एक गाव होतं. मोजणीबाई तिथंच राहायच्या. गावातल्या बायका पाणी भरताना एक ओवी म्हणायच्या,

एक शहर उशापाशी, एक शहर पायापाशी,
मधे माझं गाव निजे, नातं सांगू कुणापाशी?

मोठं कोण, याचा निवाडा करायला सरकारनं एक नियम केला. शहर म्हणजे नुसती त्याची वेस नव्हे. आसपासच्या गावांतली माणसं रोज ज्या शहरात कामाला जातात, ती गावंसुद्धा त्या शहराच्या परिघात धरायची. गाव निजतं कुठं हे नाही बघायचं, राबायला जातं कुठं ते बघायचं. आजवर आमचं गाव बंदराच्या परिघात होतं. पण टेकडीवर नव्या कचेऱ्या झाल्या होत्या, तरुण पोरं तिकडे वळली होती. आता पुन्हा मोजायचं ठरलं. गाव ज्याच्याकडे जाईल ते शहर मोठं ठरणार होतं.

शहरांचं ते काय, जिंकतील नाहीतर हरतील. खरी चिंता होती मोजणीबाईंच्या वडिलांना. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण त्यांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. त्यांची थोरली बहीण, बाईंची आत्या, बंदराच्या जुन्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. घर सोडायचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड फिरवायची. मास्तर रोज सकाळी सहा चाळीसच्या बसनं जायचे, तिला भरवायचे, कुशीवर वळवायचे, तिचे केस विंचरायचे आणि संध्याकाळी परत यायचे. गोदीतल्या कामगारांना गोदीच्या गाड्या होत्या. जुन्या वस्तीतून जाणारी बस मात्र ही एकच. गाव परिघात होतं म्हणून बंदराची नगरपालिका ती पाठवायची. गाव परिघाबाहेर गेलं की बस बंद.

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी बाई शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब माझ्या खटक्यात सोडत होत्या. मास्तर शेजारी येऊन बसले.

“काय गं, उद्या मला किती वेळा दाबणार?”

“एकदाही नाही, बाबा. पगार मिळतो त्यालाच काम म्हणायचं, असा नियम आहे.”

“मग मी तिकडे करतो ते काय?”

बाई घुटमळल्या. “कागदावर त्याला... भेट म्हणतात.”

“भेट! तुझ्या साहेबाला पाठव एकदा असल्या भेटीला. दुपारपर्यंत कंबर धरून बसेल.” ते हसले. मग म्हणाले, “तू खोटं दाबू नकोस हो. मी सांगितलं तरी दाबू नकोस. पण बस गेली तर मी अक्काकडे पोचायचं कसं, तेवढं मला सांग.”

बाईंनी तेलाची बाटली बंद केली आणि मला पुसून खोक्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्ही गावच्या चौकात उभे राहिलो. बंदराकडे जाणाऱ्यांसाठी मी, टेकडीकडे जाणाऱ्यांसाठी भाऊ. दोन्ही शहरांनी आपापला निरीक्षक पाठवला होता. ते एकमेकांना बघताच सुरू झाले.

“काय हो, तुमच्याकडे माणसं येतात कशाला? खारं पाणी प्यायला?” टेकडीवाले म्हणाले.

“आणि तुमच्याकडे? निम्मी हजेरी चढ चढून धापा टाकण्यातच जाते!”

बाई प्रत्येकाला विचारायच्या, “कामाला जाता? पगारी?” हो म्हटलं की टक्. खरं सांगतो मित्रांनो, मलाही ईर्षा चढली होती. भाऊ टक्-टक् करत पुढे पळत होता आणि मी मनात म्हणत होतो, या रे या, बंदराकडे या!

सहा चाळीसची बस आली. रांगेत एक बाई लेकीच्या बाळंतपणासाठी गरम डबा घेऊन निघाल्या होत्या. एक आजोबा आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला जायचे. एक काकू नातवाला सांभाळायला जायच्या, कारण सून कामाच्या पाळीवर असायची. मोजणीबाई विचारत होत्या, माणसं नकारार्थी मान हलवत होती, आणि मी मुका. मग मास्तर समोर आले.

बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं, “कामाला जाता?”

“जातो.”

“पगारी?”

“शिव्या मिळतात रोज. फणी जरा ओढली गेली की जास्त मिळतात.”

रांग हसली. बंदरवाले पुढे सरसावले, “काम ते काम! दाबा बाई!”

“पगार नाही, धरायचं नाही,” टेकडीवाल्यांनी बजावलं.

बाईंचा अंगठा माझ्या खटक्यावर होता. नुसता श्वास टाकला असता तरी मी बोललो असतो. पण बाईंनी अंगठा उचलला. मास्तरांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, जरासा दाबला आणि ते बसमध्ये चढले. बस दारापर्यंत भरून गेली. तिच्यातले मी मोजले होते फक्त नऊ.

दहा वाजता मोजणी संपली. माझ्या खिडक्यांत पाचशे एकसष्ट, भावाच्या खिडक्यांत सहाशे तेहतीस. सहा चाळीसची अख्खी बस धरली असती, तरी निकाल तोच लागला असता. गाव टेकडीचं झालं. टेकडीवर मिरवणुका निघाल्या. माझ्या भावाला काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवलं आणि खाली पाटी लावली: ‘ज्याने आपले शहर मोठे केले.’ मी हरलेल्या हातातला. मला कचेरीच्या खणात टाकलं, गंजक्या टाचण्यांच्या सोबतीला.

आठवडाभरात चौकात कागद चिकटला. पुढच्या महिन्यापासून सहा चाळीसची बस बंद. कारण दिलं होतं, ‘या बसने कामास जाणारे प्रवासी: नऊ.’ खाली मोजणीबाईंच्या अहवालाचा दाखला.

मास्तर वहीत गोदीच्या गाड्यांच्या वेळा उतरवत राहिले. त्या गाड्या त्यांना घेणार नव्हत्या, हे बापलेकींना दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी खण उघडला. बाईंनी मला उचललं. कचेरीतले कारकून म्हणाले, “अहो, मोजणी संपली ना?”

“तुमची संपली. माझी राहिलीय.”

बाईंनी रजा काढली, सहा चाळीसपाशी उभ्या राहिल्या आणि कोणालाही काही न विचारता चढणाऱ्या प्रत्येकासाठी मला दाबत गेल्या. आकडा झाला एक्कावन्न. मग त्या तडक बंदराच्या बस आगारात गेल्या. आगारप्रमुख स्थूल आणि वैतागलेले होते. चहाचा कप कागदांवर ठेवून म्हणाले, “बाई, नऊवर सही तुमची. आता म्हणता एक्कावन्न. मी तुमचा कुठला आकडा धरू?”

“दोन्ही खरे आहेत, साहेब. कामाला जाणारे नऊच. बसणारे एक्कावन्न.”

“मग तिकिटं का दिसत नाहीत?”

“म्हातारे आणि आजारी फुकट बसतात. तुमच्या कागदावर ते चढतच नाहीत, फक्त बसमध्ये चढतात.”

आगारप्रमुखांनी कप उचलला, पुन्हा ठेवला. “परिघाबाहेर बस पाठवायची म्हणजे मला वर उत्तर द्यावं लागेल.”

“माझ्या आकड्यावर देऊ नका,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला टेबलावर ठेवलं. “उद्या स्वतः येऊन मोजा.”

आणि ते आले! डोळ्यांत झोप, पायांत घरातल्या चपला. त्यांचा अंगठा जाड आणि नवशिका होता, मला दुखेल इतका दाबायचा. बाळंतिणीचा डबा आला, टक्. रक्तवाले आजोबा आले. आगारप्रमुखांनी त्यांना हात देऊन वर चढवलं, आणि मग टक्. नातवाच्या काकू आल्या, टक्. बाई जरा लांब, बंद दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या.

मी अडतिसावर होतो तेव्हा मास्तर आले. हातात यंत्र घेतलेला माणूस दिसताच ते सवयीनं बाजूला झाले. “मला धरू नका हो. मी पगारी नाही.”

“तुम्हाला कोणी विचारलं?” आगारप्रमुख खेकसले. “पायरीवरून सरा, माणसं खोळंबलीत. चढा!”

टक्.

एकोणचाळीस. मास्तर बसच्या पायरीवरच थांबले. वळून त्यांनी दुकानाच्या पायरीवर उभ्या लेकीकडे पाहिलं. बाईंनी दोरा बांधलेला चष्मा काढला आणि त्या पदरानं बराच वेळ पुसत राहिल्या.

बस निघाली तेव्हा माझ्या खिडक्यांत चोपन्न होते. आगारप्रमुखांनी आकड्याकडे पाहिलं, जाणाऱ्या बसकडे पाहिलं आणि मला बाईंच्या हातात दिलं. “सहा चाळीस राहील,” एवढंच म्हणाले. ती राहिली. आजही आमचं गाव नकाशात टेकडीचं आहे, आणि सकाळी एक बस बंदराकडे जाते. आत्या पुढे तीन वर्षं जगली. शेवटच्या दिवसापर्यंत तिचे केस विंचरलेले होते.

कचेरीत आता नवी यंत्रं आली आहेत, म्हणून मला बाईंच्या घरी पाठवलं. माझी झिलई उडाली आहे, एककाचं चाक सातावर अडखळतं. भावाची मला आठवण येते. त्याच्या काचेवर रोज फडकं फिरत असेल, पण त्याला कोणी हातात घेत नसेल. मला शेजारची मुलं घेतात, कानाशी धरतात, जिन्याच्या पायऱ्या मोजतात. मला ते आवडतं. म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूंना टाकून देऊ नका. त्यांना हाताळा, कामाला लावा.

फक्त एक विनवणी आहे. मला कधी हातात घेतलंत आणि बाजूचा खुंटा फिरवून सगळं शून्यावर आणायचं मनात आलं, तर आधी घटकाभर थांबा. खिडक्यांत काय दिसतंय ते बघा. तो नुसता आकडा नसतो. तिथं कोणी डबा सांभाळत उभं असतं, कोणी खिडकीपाशी बसायला जागा शोधत असतं. त्यांना नीट बसू द्या, आणि मग खुंटा फिरवा.