घरच्यांची संमती

अपूर्वाने मंगळावर राहायला जायला नाव दिलंय, हे बकुळाला कळलं ते सहा मजले वर राहणाऱ्या दर्शनाकडून. दर्शना लिफ्टमधून बाहेर आली ती मोबाइल पुढे करूनच. "काकी, अपूर्वा छापून आलीय! आणि आम्हाला बोललात पण नाही?"

मोबाइलवर अपूर्वाचा आयकार्डावरचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, की परदेशातल्या एका खासगी संस्थेला मंगळावर कायमची वस्ती करायला माणसं हवी आहेत, जगभरातून ढीगभर अर्ज आले, आणि गाळत गाळत उरलेल्या शंभर जणांत वरळीच्या बीडीडी चाळीतली एक मुलगी आहे. बकुळाने ते दोनदा वाचलं. 'कायमची' या शब्दावर ती दोन्ही वेळा अडली.

"मला ठाऊक होतं गं," ती दर्शनाला म्हणाली आणि भाजीची पिशवी घेऊन घरात शिरली. ठाऊक कसलं, कणभरही नव्हतं.

बकुळा तांबे पालिकेच्या इस्पितळात एकतीस वर्षं आया म्हणून राबली होती. नवरा, जगदीश, पोस्टात होता. तो गेला तेव्हा अपूर्वा बारावीला होती. त्यानंतर मायलेकी चाळीच्या एका खोलीत एकमेकींना धरून राहिल्या, आणि चाळीच्या जागी टॉवर उभे राहिल्यावर बाविसाव्या मजल्यावर आल्या. अपूर्वा परळला एका रक्तपेढीत टेक्निशियन होती. एकतिसावं सरलं होतं. सकाळी आठला जायची, सहाला यायची, जेवायची, झोपायची. पोरगी मार्गी लागली, असं बकुळा सगळ्यांना सांगायची.

त्या दिवशी अपूर्वा चप्पल काढते न काढते तोच बकुळाने विचारलं, "कधी जाणार?"

अपूर्वा दारातच थांबली. "कोणी सांगितलं?"

"गावाला ठाऊक आहे. मीच राहिले होते."

"अजून दहा वर्षं आहेत, आई. आधी निवड व्हायला हवी. मग ट्रेनिंग. मग सात महिन्यांचा प्रवास."

"आणि परत?"

"परत नाही."

"म्हणजे सुट्टीला पण नाही?"

अपूर्वाला हसू आलं, पण आईचा चेहरा बघून तिने ते आवरलं. "परत यायचं यानच नसणार. जे जातील ते तिथेच राहणार."

बकुळाने गॅस बंद केला. "त्या धनेशपायी ना हे?"

"त्याचं नाव काढू नकोस."

धनेश लालबागचा. दोघांचं पाच वर्षं चाललं होतं. त्याची आई, मीराबाई, अपूर्वाला गणपतीत घरी बोलवायची, आग्रहाने मोदक वाढायची. लग्नाचा विषय निघाला तेव्हा मात्र ती एवढंच म्हणाली, "गावी आमच्या भावकीला मी काय सांगू?" धनेशने पंधरा दिवस विचार केला आणि मग तोही आईच्या बाजूने झाला. या गोष्टीला चार वर्षं झाली होती. अपूर्वा तेव्हा घरात रडली नव्हती, त्यामुळे ते निभावलं असंच बकुळा समजत होती.

"तिथे अजून कोणीच राहिलेलं नाही, आई," अपूर्वा हळूच म्हणाली. "आडनाव ऐकून गाव कुठलं विचारणारं कोणी नाही. पहिल्यापासून सुरुवात."

बकुळा उसळली. "आपण पळून जाणारी माणसं नाही! तुझ्या आज्याने याच शहरात गटारात उतरून तुझ्या बापाला शाळेत घातलं. मोर्चात लाठ्या खाल्ल्या, पण हललो नाही आम्ही. कोणी नाक मुरडलं म्हणून दुनिया सोडायची?"

"तुम्ही नाही हललात," अपूर्वा म्हणाली. "मी दमलेय."

बकुळाने गॅस पुन्हा पेटवला.

पुढचे काही दिवस बकुळाला एकच नाद लागला. भेटेल त्याला ती विचारायची, "तू गेला असतास का?" लोक तिला वेड्यात काढतील, नाही म्हणतील, आणि ते सगळे 'नाही' गोळा करून ती लेकीपुढे ठेवील, असा तिचा हिशोब होता. तो साफ चुकला. दर्शना म्हणाली, "आज नेत असतील तर आज. घरात माझ्याशी दोन शब्द कोण बोलतं? सगळे मोबाइलमध्ये. मी नसले तर डबा मिळाला नाही की कळेल." पूर्वीच्या चाळीतले तात्या, मालवणकडचे, ऐंशीला टेकलेले, खाली बाकड्यावर बसले होते. ते म्हणाले, "माका इचारशात तर मी उद्या सकाळीच जातलंय. गाव सोडून हय इलंय, गिरणी गेली. हयसर आता वळखीचा कोण उरला? पण ह्या वयात माका कोण नेतलो?" मासेवालीनेसुद्धा कोयता थांबवून क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "पोरीचं लग्न झालं की जाईन बाय."

बकुळा पापलेट न घेताच परतली. इतकी माणसं निघायच्या तयारीत आपल्या आजूबाजूला वावरत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता.

महिन्याभराने अपूर्वाने सांगितलं, की संस्थेची माणसं घरच्यांशी व्हिडिओवर बोलणार आहेत. "घरातून विरोध असेल तर नाव कापतात. तू ठरव. मी काही सांगणार नाही."

म्हणजे सगळं बकुळाच्या हातात आलं. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. आठ दिवस ती तो शब्द मनात घोळवत होती. शनिवारी दुपारी मात्र एक गोष्ट घडली. अपूर्वा आतल्या खोलीत दार लोटून संगणकावर बसली होती. निवडलेल्यांपैकी कोणी कोणी गप्पा मारत होते. मध्येच ती हसली. खळखळून, श्वास लागेपर्यंत. बकुळा तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. हे हसू तिने चार वर्षांत ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतं, हेही तिच्या आत्ताच लक्षात आलं. सकाळी जाणारी आणि संध्याकाळी येणारी ती मुलगी मार्गी लागलेली नव्हती. नुसती जात-येत होती. हे हसू जर तिकडेच मिळणार असेल तर आपण ते कोणत्या तोंडाने अडवायचं? बकुळाचं ठरलं.

बुधवारी तिने ठेवणीतली पांढरी साडी नेसली आणि बुद्धाच्या तसबिरीसमोर दोन मिनिटं हात जोडून उभी राहिली. पडद्यावर एक गोरी बाई होती, आणि तिचं बोलणं मराठीत सांगायला पुण्याची एक मुलगी. अपूर्वा कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती.

"तुमच्या आजारपणात, तुमच्या शेवटच्या वेळी मुलगी जवळ नसेल. मान्य आहे?"

"मान्य."

"तिला तिथे काही झालं तर तुम्हाला जाता येणार नाही."

"मान्य आहे."

"तुम्हाला काही विचारायचंय?"

बकुळाने पदर सारखा केला. "ती तिथे गेली... म्हणजे वारली, तर तिचं कोण करणार?"

पुण्याची मुलगी थोडी अडखळली, मग तिने ते विचारलं. गोऱ्या बाईने उत्तर दिलं, सोबतची माणसं करतील.

"बरं. त्यांना तिचं नाव नीट घ्यायला शिकवा," बकुळा म्हणाली. "अपूर्वा. पू दीर्घ आहे."

संमतीचा कागद पडद्यावर आला आणि तिने बोटाने सही केली. आवाज कापला नाही, डोळे भरले नाहीत. आपण लेकीचं काम फत्ते केलं, असं वाटून तिने कोपऱ्यात पाहिलं. अपूर्वा खाली मान घालून नखं बघत होती.

पाऊण महिना गेला असेल. एका सकाळी अपूर्वाला चार ओळींचा ईमेल आला. संस्थेने मोहीम गुंडाळली होती. सहभागाबद्दल आभार मानले होते. अपूर्वाने तो आईला वाचून दाखवला, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि कामाला गेली.

त्या दिवशी बकुळाचे पाय जमिनीवर ठरेनात. तिने सुरमईचं कालवण केलं, सोलकढी केली, लेकीच्या आवडीची तांदळाची खीर केली. संध्याकाळी अपूर्वा ताटावर बसली आणि सगळं बघून म्हणाली, "खूश आहेस."

"मग? आईला आनंद व्हायचा नाही का?"

"मग तेव्हा हो का म्हणालीस?"

"तुला हवं होतं म्हणून. माझा जीव कसा होत होता ते मला ठाऊक."

"दिसलं नाही." अपूर्वाने घास हातातच धरला होता. "मला वाटलं होतं तू रडशील. भांडशील. नाही म्हणशील. मी तिथे बसून वाटच बघत होते. तू नाव कसं घ्यायचं ते शिकवत होतीस."

"अगं, पण तूच अर्ज केलास..."

"हो. धनेशला पण मीच म्हणाले होते, जाते मी. तो म्हणाला, बरं. कोणीतरी एकदा तरी हात धरून म्हणायला पाहिजे होतं ना, आई, की नको जाऊस."

बकुळाने तिचा हात धरायला हात पुढे केला. अपूर्वाने ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. कालवण तसंच होतं.

त्यानंतर दोघींत भांडण असं कधी झालं नाही. 'दूध आणलंय', 'बिल भरलंय' एवढंच बोलणं उरलं. बकुळाने बऱ्याचदा विषय काढून पाहिला. अपूर्वा म्हणायची, "सोड ना आता." शनिवारच्या गप्पाही बंद झाल्या. ते हसू पुन्हा ऐकू आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये अपूर्वाने हैदराबादच्या एका लॅबमध्ये नोकरी घेतली. निघायच्या दिवशी बकुळा लिफ्टपर्यंत गेली. दोन बॅगा आत ठेवून अपूर्वा वळली, तशी बकुळाने तिचं मनगट घट्ट धरलं. "नको जाऊस गं. मी सांगतेय ना, नको जाऊस."

अपूर्वाने मनगट सोडवलं नाही. ती नुसती बघत राहिली, जणू खूप जुन्या ओळखीचं कोणीतरी भेटलं होतं. "आता तिकीट काढलंय, आई," ती म्हणाली. लिफ्टचं दार दोनदा मिटू पाहून उघडलं. तिसऱ्यांदा बकुळानेच हात मागे घेतला.

दर रविवारी अकराला फोन येतो. जेवलीस का, जेवले. गोळ्या घेतेस ना, घेते. इतकं झालं तरी दोघी फोन कानालाच धरून असतात, आणि मग अपूर्वा म्हणते, "ठेवते."