फीत शाबूत आहे

पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावात ऊसतोड कामगारांच्या मुलींचं वसतिगृह बांधून तयार होतं. खाटा होत्या, गाद्या होत्या, टाकीत पाणी होतं. फक्त मुली नव्हत्या. पुढच्या दाराला उद्घाटनाची लाल फीत बांधलेली होती आणि ती कापणारे मंत्री तारीख देऊन येत नव्हते. मंत्र्यांसाठी बांधलेली फीत सोडायची कुणाची छाती होणार? अधीक्षिकाबाई रोज येत, फितीवरची धूळ झटकत आणि घरी जात.

ऊसतोडीला जाणाऱ्या राहीबाईच्या डोळ्यात ती फीत कुसळासारखी सलत होती. तोडणीचा ट्रॅक्टर आज निघणार होता. सासू वारलेली, घरी मागं कुणी नाही. म्हणजे दहावीतल्या लेकीला, निकितालाही उसाच्या फडात न्यावं लागणार. आणि अशी फडात गेलेली पोर पुन्हा शाळेत दिसत नाही, लग्नाच्या मांडवातच दिसते.

ट्रॅक्टरला नारळ फोडायला दरवर्षीप्रमाणे आमदार गहिनीनाथ आले. त्यांचा जन्म कारखान्यावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत झालेला. इतर आमदारांच्या परिचयात शिक्षणसंस्था असतात. यांच्या परिचयात शाळा सोडल्याचे दाखले होते, तेही भरपूर. आईबाप फडात आणि शेजारच्या कोपीतली तान्ही पोर यांच्या कडेवर. तिच्यापायी पाचवीचं वर्ष बुडालं. ती पोर म्हणजे राहीबाई. पुढं त्यांनी बाहेरून दहावी दिली, कामगारांची संघटना बांधली आणि विधानसभा गाठली. तिथं ते उभे राहिले की समोरच्या बाकांवरूनच 'वसतिगृह' असा आवाज यायचा, इतक्या वेळा त्यांनी तो एकच प्रश्न विचारला होता. शेवटी सरकारनं कंटाळून मंजुरी दिली, असं विरोधक म्हणत. आमदारांचंही म्हणणं तेच होतं.

त्यांनी नारळ हातात घेतला, तशी राहीबाई आडवी आली.

"भाऊ, नारळ मागनं. आदी माज्या पोरीचं बोला."

"का? निकिताला वसतिगृहात न्हाई घातली?"

"घालू कशी? दाराला तुमच्या सरकारची फीत हाय की!"

ट्रॅक्टरातल्या बाया फिदीफिदी हसल्या. आमदारांनी स्वीय सहाय्यक रज्जाककडं पाहिलं.

"मंत्रीसाहेबांची तारीख?"

"पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणालेत."

"मागच्या आठवड्यात बी हेच म्हनले हुते."

रज्जाक त्यांच्या कानाशी लागला. "साहेब, फितीला हात लावू नका. मंत्रिमंडळाच्या विस्तारात आपलं नाव चाललंय."

"न्हाई लावत," असं म्हणून आमदार नारळासकट वसतिगृहाकडं चालू लागले. मागं राहीबाई, निकिता, आणि ट्रॅक्टर सोडून निम्मं गाव. दारापुढं उभं राहून त्यांनी फितीला हात जोडले. राहीबाईला वाटलं, झालं, आता हे पाया पडून माघारी फिरणार.

पण आमदार इमारतीला वळसा घालून मागं गेले. अधीक्षिकाबाई किल्ल्या घेऊन मागोमाग धावल्या.

"बाई, ह्या दाराला काय बांधलंय?"

"काही नाही, साहेब. हे स्वयंपाकघराचं दार."

"मग उद्घाटन पुढच्या दाराचं ऱ्हायलंय. सैपाकघराचं कुनी मागितलंय?"

बाईंनी कुलूप काढलं. आमदारांनी उंबऱ्याशी नारळ फोडला आणि पहिला तुकडा निकिताच्या हातावर ठेवला.

"जा. वाकून जा, चौकट ठेंगणी हाय."

निकिता आत गेली. तिच्यामागं आणखी पोरी शिरल्या. रज्जाकनं कपाळ पुसलं. "मंत्रीसाहेबांना काय सांगू?"

"फीत शाबूत हाय म्हनून सांग."

"अन् भाऊ, तुमचं मंत्रिपद?" राहीबाईनं हळूच विचारलं.

"तुज्यापायी पाचवी गेली, तवा काय बोललो का?"

त्या वर्षी ट्रॅक्टर नारळाशिवाय गेला. ड्रायव्हर मिरजगावपर्यंत कुरकुरत होता.

विस्तार झाला, त्यात गहिनीनाथांचं नाव नव्हतं. ते अधूनमधून वसतिगृहात येत, मागच्याच दारानं, आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगून जात. दहावीची परीक्षा तोंडावर आली तेव्हा मंत्री उगवले. उन्हानं गुलाबी पडलेली फीत त्यांनी कापली. आत पोरी जेवायला बसल्या होत्या.

राहीबाईला फडात फोन आला. "आये, आज आमच्या वसतिगृहाचं उद्घाटन झालं!"

"मग आता पुढच्या दारानं येती-जाती व्हय?"

"छ्या! तिथं मंत्र्याच्या नावाची फरशी बसवत्यात. ओली हाय म्हनून दार बंद केलंय."

"आन् अभ्यास?"

"तो चालू हाय."

राहीबाईनं फोन कनवटीला खोचला आणि कोयता उचलला.